इंजिन दगा देतं ते लोखंडामुळे की आतल्या प्रोग्रॅममुळे?

रानवाटा (शनिवार, रात्री ९:४०)

मंडळी, मागच्या आठवड्यात आईला घेऊन रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होते. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस नुसता ओतत होता. तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडीला एक हिसका बसला, पिवळा दिवा लागला आणि गाडीने दमच सोडला. पाय पूर्ण दाबला तरी काटा दीड हजाराच्या वर जाईना. मागे दोन ट्रक. पहिल्या गिअरमध्ये रांगत पाच मिनिटं काढली असतील, तेवढ्यात आणखी एक हिसका आणि इंजिन बंद.

हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला. मागच्या ट्रकवाल्या दादांनी त्यांची गाडी आडवी लावून वरून येणाऱ्यांना बॅटरी दाखवली. आई काही बोलत नव्हती, पण तिने डॅशबोर्ड घट्ट धरून ठेवला होता ते मला अजून दिसतं. पुन्हा सेल मारला तर पहिल्या झटक्यात चालू! मग तसंच रांगत वर आलो आणि मलकापुरात मुक्काम केला.

सकाळी तिथल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. क्रँक सेन्सरचा कोड निघाला. त्याने कनेक्टर काढला, फुंकर मारली, पुसला, परत लावला. अडीचशे रुपये. गाडी ठणठणीत.

आता माझा प्रश्न. इंजिन धडधाकट होतं. पिस्टन, हेड, टर्बो, सगळं जागेवर. एका कनेक्टरमधलं पाणी आणि हजार किलोची गाडी घाटात उभी! इतक्या क्षुल्लक बिघाडाला गाडीने यापेक्षा शहाणपणाने तोंड द्यायला नको का? तो प्रोग्रॅम लिहिणारी माणसं आपल्यातच आहेत, पुण्यात तर घराघरात आहेत. मला तक्रार करायची नाही, समजून घ्यायचंय. हे असंच असतं, की चांगलं लिहिलं तर वेगळं होऊ शकतं?

---

जुनासोबती (रात्री १०:०५)

आईंना काही त्रास झाला नाही ना? ते पहिलं सांगा.

आमच्या काळात कार्बोरेटर होता. कचरा आला की जेट काढून फुंकायचं, पॉइंट घासायचे, गाडी चालू. २००० च्या आसपास मारुतीच्या मागे 'एमपीएफआय' (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन) अशी अक्षरं दिसायला लागली तेव्हाच आमचे मिस्त्री म्हणाले होते, "साहेब, आता गाडी बंद पडली तर आवाजावरून कळणार नाही." खरं बोलले. चार तारांच्या जागी चारशे तारा आल्या. जितकं जास्त तितकं बिघडायला जास्त, हे माझं साधं गणित.

---

पानापक्कड (रात्री १०:३१)

काका, तुमचा मान राखून सांगतो, गणित चुकतंय. माझं सांगलीत गॅरेज हाय, एकवीस वर्षं झाली. कार्बोरेटरच्या गाड्या हप्त्याला चार-चार यायच्या. सकाळी चोक घेत न्हाई, पेट्रोल वाहतंय, मिसिंग मारतीय, प्लग काळा पडलाय. इंजेक्शनच्या गाड्या वर्ष वर्ष तोंड दाखवत न्हाईत. लाख-दीड लाख किलोमीटरला हेड न उघडलेली इंजिनं आज मी बघतो, ती पूर्वी बघितली न्हाईत. नॉकिंग झालं, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके पडायला लागले, की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागं घेतंय, त्यामुळं पिस्टन वाचतोय. हे प्रोग्रॅमचंच काम की.

पण ताईंचं बी खरं हाय. पूर्वी गाडी सांगून सांगून बंद पडायची. आता शेवटच्या मिनिटापर्यंत मऊ चालती आणि एकदम बसती. आणि बसल्यावर सांगती काय, तर नुसता पिवळा दिवा. त्या एका दिव्याचे माझ्याकडं दोनशे अर्थ हायत! टाकीचं झाकण सैल असलं तरी तोच दिवा, क्रँक सेन्सर गेला तरी तोच.

ताई, कनेक्टर नुसता पुसून चालणार न्हाई. आतली पिन हिरवी पडलीय का बघून घ्या.

---

शंकासुर (रात्री १०:४४)

कनेक्टर स्वस्तातला वापरला म्हणून पाणी शिरलं. यात प्रोग्रॅमचा काय संबंध? खर्च वाचवण्याचा मामला आहे हा.

---

टिकटिक (रात्री ११:५२)

रानवाटाताई, मी पुण्यात हेच काम करतो. इंजिन कंट्रोलचं सॉफ्टवेअर, तेरा वर्षं. तुमचा प्रश्न वाचून झोप गेली म्हणून सविस्तर लिहितो.

क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, एक दातेरी चाक असतं. बहुतेक गाड्यांत साठ दात्यांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे अठ्ठावन्न दाते आणि एक फट. सेन्सर दाते मोजतो. फट आली की कंट्रोलरला कळतं, एक फेरा पुरा झाला. ३००० आरपीएमला एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे दर दाता एका मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात समोरून जातो. इंधन कधी मारायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं या मोजणीवर. मोजणी चुकली तर ठिणगी भलत्या जागी पडेल आणि इंजिनाला इजा होईल. म्हणून शंका आली की कंट्रोलर हात आखडता घेतो. ते बरोबरच आहे.

आता कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, दुसरा सेन्सर असतो. क्रँकचा सेन्सर पूर्ण मेला तर पुष्कळ गाड्या कॅमच्या सिग्नलवर चालतात. त्याचे दाते मोजके, त्यामुळे अंदाज ढोबळ, म्हणून ताकद आणि आरपीएम आवळून टाकतात. तुमची गाडी दीड हजारावर अडकली ती बहुधा याच अवस्थेत.

पण बंद का पडली? गाडी हातात नाही, पण तर्क सांगतो. तुमची वायर तुटली नव्हती, लटकत होती. सिग्नल जात होता, येत होता. तुटलेली वायर सोपी असते, लटकती वायर अवघड. सिग्नल परत आल्यावर कंट्रोलरने कॅमवरून पुन्हा क्रँकवर उडी घेतली असेल, आणि नेमका त्याच क्षणी सिग्नल पुन्हा गेला. ना हा, ना तो. इंजिन बंद. उभ्या गाडीत सिग्नल शांत, म्हणून सेल मारताच चालू.

इथे संबंध येतो, शंकासुर. सिग्नल गेला तर काय करायचं, हे प्रत्येक जण लिहितो. तो परत आला तर त्याच्यावर किती वेळाने विश्वास ठेवायचा, हे फार थोडे जण नीट लिहितात. दोनदा दगा दिलेल्या सेन्सरला इंजिन लोडवर असताना तिसरी संधी द्यायची नाही. त्याच ढोबळ सिग्नलवर माणसाला घरी पोचवायचं आणि चावी फिरवून पुन्हा चालू केल्यावरच परत तपासायचं. एवढी एक अट असती तर तुम्ही रांगत का होईना, न थांबता वर आला असता, असं मला वाटतं.

मग ती अट का नसते? कारण बेंचवर, म्हणजे तपासणीच्या बाकावर, आम्ही काय तपासतो: वायर काढली, दिवा लागला, ताकद आवळली, पास. वायर लावली, दिवा विझला, पास. पावसात भिजलेली, दर खड्ड्याला हलणारी पिन बेंचवर कुणी लावत नाही. तपासणीची यादी कागदावरच्या गरजांमधून बनते आणि त्या कागदावर 'सेन्सर नादुरुस्त' एवढंच लिहिलेलं असतं. नादुरुस्त म्हणजे कसा नादुरुस्त, हे विचारायला वेळ लागतो आणि प्रकल्पात वेळ शेवटी तपासणीचाच कापला जातो. हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण ते कापताना मी खोलीत बसलेलो असतो.

---

घाटमाथा (रविवार, सकाळी ७:१०)

टिकटिक, प्रतिसाद दोनदा वाचला. लटकत्या वायरीचं फारच पटलं. लोंबकळणाऱ्या माणसांनाही लागू आहे. :-)

---

नेकारकाठ (सकाळी ११:३०)

श्टुटगार्टहून नमस्कार. इथे याच धंद्यात आहे, म्हणून थोडी भर.

एक उदाहरण सगळ्यांना पटेल असं देतो. इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर. थंडीत त्याचा रोध वाढतो, उष्णतेत कमी होतो. त्याची वायर तुटली तर रोध अनंत, म्हणजे कंट्रोलरला वाटणार पाणी उणे ४० अंशांवर आहे! बावळट प्रोग्रॅम काय करेल? गारठलेलं इंजिन समजून इंधन ओतत बसेल, प्लग भिजतील, गाडी बंद. शहाणा प्रोग्रॅम म्हणेल, वीस मिनिटं इंजिन चालू आहे, मघाशी ८८ होतं, एका क्षणात उणे ४० कसं होईल? सेन्सर खोटं बोलतोय. मग तो हिशेबाने अंदाजे तापमान धरतो, खबरदारी म्हणून पंखा चालू करतो आणि दिवा लावतो. चालवणाऱ्याला पंख्याच्या आवाजाशिवाय काही कळत नाही. आज जवळपास सगळ्या गाड्यांत हे आहे. म्हणजे हे जमतं, जमलेलं आहे. प्रश्न असा की तोच शहाणपणा प्रत्येक सिग्नलला लावला जातो का.

ॲक्सिलरेटर पेडलचंही तसंच. पेडलला आता केबल नाही. आत दोन सेन्सर असतात आणि पुष्कळदा एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या बरोबर निम्मा ठेवतात, म्हणजे दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर लगेच कळावं. दोघांचं जुळलं नाही तर जो कमी सांगतो त्याचं ऐकायचं.

आणि जर्मन कंपन्यांनी मिळून एक तीन मजली रचना ठरवलेली आहे. पहिल्या मजल्यावर नेहमीचं काम. दुसऱ्यावर त्या कामावर देखरेख: मागितली त्यापेक्षा जास्त ताकद निघतेय का? तिसऱ्यावर खुद्द प्रोसेसरवर देखरेख, आणि ती करणारी चिप वेगळी. ती ठरावीक वेळाने प्रोसेसरला प्रश्न घालते. उत्तर चुकलं किंवा वेळेत आलं नाही, की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, वीज तोडते. वीज तुटली तरी थ्रॉटलची झडप स्प्रिंगमुळे किंचित उघडी राहते, गाडी रस्त्याकडेला घेण्यापुरती. मला ती किंचित उघडी झडप फार आवडते. कुणीतरी बसून विचार केलाय की सगळं गेल्यावरही माणसाला रस्त्याच्या कडेपर्यंत जायचं असेल.

---

चाफेकळी (दुपारी १२:४८)

नेकारकाठ यांनी तिसऱ्या मजल्याचं लिहिलं म्हणून. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात एम्बेडेड सिस्टिम्स शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला टोयोटाचा खटला सांगते.

ऑक्टोबर २०१३, अमेरिकेतलं ओक्लाहोमा. २००५ सालच्या कॅमरी गाडीचा अपघात. गाडी आपोआप वेग घेत गेली असा दावा होता. ज्युरीने कंपनीला दोषी धरून ३० लाख डॉलर भरपाई ठरवली आणि दंडाची रक्कम ठरण्याआधी कंपनीने तडजोड केली. त्या खटल्यात मायकेल बार या तज्ज्ञाने कंपनीचा कोड तपासून साक्ष दिली. दहा हजारांहून जास्त ग्लोबल व्हेरिएबल्स, म्हणजे कुठल्याही फंक्शनने उठावं आणि बदलावं अशी मूल्यं. एकाच टास्कवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच स्वतंत्र चालणाऱ्या तुकड्यावर, थ्रॉटलचा हिशेब आणि बिघाड ओळखण्याचं कामही. तो टास्क मेला तर चोर आणि पोलीस एकदम गायब.

पण मुलांना सगळ्यात जास्त लागतो तो वॉचडॉगचा भाग. वॉचडॉग म्हणजे घड्याळ. प्रोग्रॅमने ठरावीक वेळात येऊन त्याला 'मी जिवंत आहे' सांगायचं, नाही सांगितलं तर ते कंट्रोलर रीसेट करतं. आपल्याकडे रात्री गुरखा दर तासाला काठी आपटत जातो, तसं. काठी ऐकू आली नाही तर सोसायटीतलं कुणी उठून बघेल. आता समजा काठी आपटायचं काम एका मोटरला दिलं. गुरखा झोपला, पडला, काही झालं, तरी काठी वाजत राहणार. साक्षीत नेमकं हेच सांगितलं गेलं: वॉचडॉगला हजेरी देत होता टायमरचा इंटरप्ट, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप पडणारा ठोका, आणि तो टास्क मेले तरी चालूच राहतो.

मी मुलांच्या प्रकल्पांत पहिली गोष्ट हीच शोधते. दर वर्षी निम्म्या गटांनी हजेरी टायमरमध्ये टाकलेली असते. सोपं पडतं ना! मग त्यांच्या देखत एक टास्क मारून दाखवते. मोटर फिरत राहते, बटण दाबून थांबत नाही. वर्गात शांतता होते.

---

शंकासुर (दुपारी १:१५)

चाफेकळी, अर्धी गोष्ट सांगताय. नासाने याच कंपनीचं सॉफ्टवेअर दहा महिने तपासलं होतं, २ लाख ८० हजारांहून जास्त ओळी, आणि इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही असा निष्कर्ष २०११ मध्ये दिला. पायपुसण्यात अडकलेली पेडलं आणि चिकटणारी पेडलं ही कारणं नक्की सिद्ध झाली होती. ती गाडी टास्क मेल्यामुळेच धावली हे आजही कुणी दाखवलेलं नाही.

---

चाफेकळी (दुपारी १:४०)

बरोबर, आणि हे सांगायला हवं होतं, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. त्या एका अपघाताचं कारण सिद्ध झालं असं मीही म्हणत नाही. पण माझा मुद्दा शिकवण्याचा आहे. असा टास्क मेल्याचा कुठे ठसाच उरत नसेल, तर पुरावा सापडणार कसा? ज्या रचनेत बिघाड झाला की नाही हेच नंतर सांगता येत नाही, ती रचना मला मुलांना शिकवायची नाही. रानवाटाच्या गाडीत निदान कोड तरी साठवलेला सापडला.

---

शंकासुर (दुपारी १:५२)

हे मान्य. ठसा राहिला पाहिजे.

---

मालट्रक (दुपारी ३:२०)

आमचंही ऐका. निफाडला आमचे तीन ट्रक. बीएस-सिक्स हा धुराचा नियम आल्यापासून धुराड्यात युरियाचं पाणी मारतात, नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला. ते संपलं की गाडी ताकद सोडते, हे ठीक, कायदाच तसा आहे, आम्ही टाकी भरून ठेवतो. पण मागच्या हिवाळ्यात टाकी भरलेली, कागदपत्रं बरोबर, गाडीत बारा टन कांदा, आणि कसारा उतरून जरा पुढे जातोय तर मीटरवर 'डीईएफ' (त्या युरियाच्या पाण्याचंच इंग्रजी नाव) लिहून आलं आणि गाडी बैलगाडी झाली. वाशीला सकाळच्या लिलावाला पोचायचं होतं. पोचलो दुपारी. माल दुसऱ्या दिवशी विकला, दर पडलेला.

निघालं काय, तर सेन्सरवर युरियाची खार साचलेली. आता मला सांगा, टाकी रिकामी आहे आणि सेन्सरला टाकी दिसत नाही, या दोन गोष्टी एकच कशा? आदल्या दिवशी पन्नास लिटर भरलेली गाडीनेच मोजली होती की! एका रात्रीत कुठं गेली? ते तापमानाचं नेकारकाठ साहेबांनी लिहिलं, मघाशी ८८ आता उणे ४० कसं, तेच इथं का लावत नाहीत?

---

टिकटिक (दुपारी ४:०५)

मालट्रक दादा, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. ताकद कमी करणं कायद्याने भाग आहे, नाहीतर कुणी युरिया भरलाच नसता. सेन्सर बिघडल्यावरही ती शेवटी कमी करावीच लागते, नाहीतर लोक सेन्सरच काढून ठेवतील. आणि फसवणूक किती मोठी होऊ शकते हे फोक्सवॅगनने २०१५ मध्ये दाखवलंच. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर साफ करणारा आणि रस्त्यावर सोडून देणारा प्रोग्रॅम, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत. त्यानंतर नियम घट्ट झाले ते बरोबरच.

पण 'शेवटी' आणि 'लगेच' यांत अंतर आहे. आधी इशारा, मग पुष्कळ किलोमीटरांची मुदत, मग हळूहळू ताकद कमी, असा क्रम असतो. तुमच्या ड्रायव्हरला इशारा आधीच्या दोन फेऱ्यांत दिसला असणार. तो कुठल्या भाषेत होता?

---

मालट्रक (दुपारी ४:१८)

इंग्रजीत तीन अक्षरं आणि एक आकडा. ड्रायव्हरला वाटलं भरायची आठवण करून देतंय, म्हणून त्याने आणखी भरलं.

---

टिकटिक (दुपारी ४:२५)

हे मी सोमवारी आमच्या गटात जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. 'भरा' आणि 'सेन्सर दाखवा' या दोन गोष्टींना एकच चिन्ह ठेवणं ही प्रोग्रॅमचीच चूक. कोड बरोबर होता, माणसापर्यंत पोचला नाही.

---

नांगरट (संध्याकाळी ६:४०)

ट्रॅक्टरवाल्यांचा निरोप घ्या. २०२३ च्या जानेवारीपासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला नवीन धूर-नियम लागू झाले आणि कॉमन रेल (मोठ्या दाबाचं डिझेल इंजेक्शन), कंट्रोलर सगळं आलं. डिझेल कमी पितो, ओढतो चांगला, खोटं का बोला. पण पेरणीला वाफसा दोन दिवस असतो. त्या दोन दिवसांत दिवा लागून ट्रॅक्टर बसला आणि स्कॅनरवाला तालुक्याहून चौथ्या दिवशी आला तर त्या इंजिनाची विश्वासार्हता कशात मोजायची? कंपनी किलोमीटर आणि तास मोजते. आम्ही वाफसा मोजतो.

माझी मागणी एकच. ट्रॅक्टरने मला मराठीत सांगावं: काय बिघडलं, किती चालवू शकतो, काय केलं तर इंजिन खराब होईल. मोबाईलवर सांगा, मीटरवर सांगा.

---

पानापक्कड (संध्याकाळी ७:०२)

नांगरट भाऊंना शंभर टक्के पाठिंबा. आणि आम्हा गावठी गॅरेजवाल्यांना बी आतलं वाचू द्या. साधा स्कॅनर धुराचे कोड दाखवतो, त्यापुढं कंपनीचंच यंत्र लागतं. कोड दिसतोय पण तो किती वेळा आला, कुठल्या आरपीएमला आला, हे दिसत न्हाई. मग पोरं काय करतात? सेन्सर बदल, न्हाई झालं तर दुसरा बदल. गिऱ्हाइकाचे आठ हजार जातात आणि दोष असतो अर्थिंगच्या एका नटात.

---

जुनासोबती (संध्याकाळी ७:३५)

सगळं वाचतोय. पानापक्कड, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य करावा लागतोय. माझ्या जुन्या गाडीचं हेड साठ हजारालाच उघडलं होतं.

एक शंका. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या इंजेक्शन गाडीचा प्रोग्रॅम याला तोंड देतो का?

---

टिकटिक (रात्री ८:१५)

काका, छान प्रश्न. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की हवा उरतेय, मग कंट्रोलर इंधन हळूहळू वाढवतो आणि ती वाढ लक्षात ठेवतो. आठ-नऊ टक्क्यांची ही दुरुस्ती चांगल्या स्थितीतल्या गाडीच्या आवाक्यात असते.

अडचण कुठे? एक, थंड इंजिन सुरू करताना तो सेन्सर अजून तापलेला नसतो, तेव्हा आठवणीवरच चालावं लागतं. दोन, आधीच इंजेक्टर चोंदलेला किंवा कुठे हवा गळत असेल तर दुरुस्तीची मर्यादा अगोदरच निम्मी वापरलेली असते, वर इथेनॉल आलं की संपते आणि दिवा लागतो. दोष जुना, दिवा नवा. रबरी नळ्या आणि गॅस्केट यांचं मात्र प्रोग्रॅम काही करू शकत नाही, ते पानापक्कडांना दाखवा.

---

रानवाटा (बुधवार, रात्री ९:२२)

मंडळी, अपडेट. आई ठीक आहे, जुनासोबती काका. परवा तिनेच विचारलं, "त्या गाडीच्या माणसांनी काही सांगितलं का?" म्हणजे तुम्ही सगळे.

पानापक्कडांनी सांगितल्याप्रमाणे कोल्हापुरात कनेक्टर पूर्ण उघडून घेतला. तीन पिनांपैकी मधली हिरवी पडलेली. रबरी सील एका बाजूला दुमडलेलं, बहुतेक आधीच्या कुठल्यातरी सर्व्हिसला काढून लावताना. त्या फटीतून पाणी जात होतं. सील आणि पिना नवीन, साडेसहाशे रुपये.

आणि इथे ओळखीच्या एकांकडे मोठा स्कॅनर होता, त्यांनी आतली नोंद काढली. क्रँकचा सिग्नल त्या रात्री एकोणीस वेळा गेला आणि आला. एकोणीस! पहिल्यांदा गेला तेव्हा १८४० आरपीएम, वेग ३१, पाण्याचं तापमान ९४. बंद पडली तेव्हाची नोंद बघून ते म्हणाले, त्या क्षणी क्रँक आणि कॅम दोन्हींचा मेळ तुटलेला दिसतोय. टिकटिक, तुमचा तर्क बरोबर निघाला. तुम्ही गाडी न बघता सांगितलं होतं.

आणखी एक. याच बिघाडाचे चार तुरळक झटके त्याआधीच्या दोन आठवड्यांत नोंदलेले होते. कोरड्या रस्त्यावर, मला जाणवलेही नाहीत. गाडीला माहीत होतं. मला दिवा दिसला नाही कारण दर वेळी सिग्नल लगेच परत आला, म्हणून बिघाड 'पक्का' धरलाच नाही. मला हे सगळ्यात जास्त लागलं. घाटात जायच्या आधी एक ओळ दिसली असती, 'सेन्सरची जोडणी तपासून घ्या', तर मी रत्नागिरीतच थांबले असते.

---

पानापक्कड (रात्री ९:३७)

झकास काम केलं ताई. सीलला सिलिकॉन ग्रीस लावलंय का? नसेल तर लावून घ्या, दहा रुपयांचं काम. साधं काळं ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतंय.

---

चाफेकळी (रात्री १०:०३)

रानवाटा, या नोंदीचे आकडे वर्गात वापरू का? गाडीचं नाव न घेता.

---

रानवाटा (रात्री १०:०६)

जरूर वापरा. फोटो पण पाठवते, हिरव्या पिनेचा.

---

टिकटिक (गुरुवार, रात्री ११:४०)

ताई, तुमची ती एकोणीस वेळांची ओळ मी आज सहकाऱ्यांना दाखवली. झटका आला आणि विरला तर आमचा मोजणी करणारा आकडा खाली उतरतो आणि शून्यावर येतो. पावसाळी जोडणीचा बिघाड त्यामुळे कायम शून्याजवळच घुटमळणार, हे फळ्यावर काढल्यावर सगळ्यांना दिसलं. आता तात्पुरत्या झटक्यांची एक वेगळी मोजणी ठेवायची, चावी बंद केली तरी न पुसली जाणारी, असं ठरतंय. मान्य व्हायला वरच्या दोन बैठका लागतील.

तोवर वाट बघत बसलो नाही. मालट्रक दादांचा किस्सा सोमवारी वाचून दाखवलाच होता. आज बेंचवर क्रँकच्या वायरीत एक रिले घातली, वाटेल तेव्हा जोडणी तोडणारी आणि जोडणारी, आणि इंजिनच्या मॉडेलला चढाचा लोड दिला. १८४० आरपीएम, ९४ अंश, तुमच्याच नोंदीतले. अकराव्या झटक्याला आमचंही इंजिन बंद पडलं.

उद्या परत त्याच बाकावर.